लेम हेनीची उसनी सुरी

टीगल्स लँडिंगच्या धक्क्यावर कुणाही म्हाताऱ्याला विचारा, कालव जिवंत आहे की मेलंय ते कसं ओळखायचं. तो तोंडाने काही सांगणार नाही. हात पुढे करील आणि टोपलीवरून सावकाश फिरवील. सावली पडली की जिवंत कालव आपला शिंपला मिटतं. टक्. नखावर नख आपटावं एवढाच आवाज. मेलेलं मिटत नाही. दोन्ही शिंपा बिजागरीला तशाच धरलेल्या, आत चिखल, आणि सावलीला न भिणारं ते उघडं तोंड.

अल्व्हर्टा हेनी ही विद्या बापाकडून शिकली. बाप लेम्युएल हेनी, गावाचा कॅप्टन लेम. चेसापीकच्या उपसागरात, खाडीच्या तोंडाशी त्याचा वडिलोपार्जित कालवांचा खडक होता. ओहोटीला त्यावर हातभर पाणी उरायचं. लेम होडी त्यावरून वल्हवत न्यायचा आणि मुलीला म्हणायचा, "ऐक, व्हर्टी." होडीची सावली पुढे सरकेल तसतसं खालून टक् टक् टक् होत जायचं. भरलेल्या नाट्यगृहात दिवे मंद होताना माणसं एकेक करून गप्प व्हावीत, तशी ती कालवं मिटत जायची.

एकोणीसशे एकोणसाठच्या ऑगस्टमध्ये व्हर्टी बारा वर्षांची होती. भर दुपार होती आणि वारा पडलेला. लेम शेजाऱ्याच्या खडकावर मदतीला गेला होता. लांब दांड्यांचा चिमटा पाण्यात सोडून त्याने ओढून काढला आणि होडीच्या फळीवर रिकामा केला. चाळीसेक कालवं असतील. सगळी उघडी. लेमने वरून हात फिरवला. एकही मिटलं नाही. त्याने पुन्हा फिरवला, या वेळी अगदी हळू, जणू त्यांना कमी ऐकू येत होतं.

"झोपलीत का हो, डॅडी?"

लेमने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

पुढच्या वर्षापर्यंत खाडीच्या तोंडाचा सगळा तळ उघड्या तोंडांनी भरला. विद्यापीठातली माणसं आली. त्यांनी कालवांचे केसाहून पातळ काप काढले, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आत एक गोल काहीतरी दिसलं. एका पिशवीत अनेक केंद्रकं, एका चेहऱ्याला अनेक डोळे असावेत तशी. असा परजीवी कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून त्याच्या नावाच्या शेवटी अज्ञाताचं अक्षर लावलं: एक्स. पुढे त्याला लांबलचक शास्त्रीय नाव मिळालं, पण गावाने एक्स सोडला नाही. खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट नंतर कळली. आजारी कालवं आणि धडधाकट कालवं एकाच टाकीत वर्षभर शेजारी ठेवली, तरी रोग याचा त्याला लागेना. तीच धडधाकट कालवं खाडीत सोडली की उन्हाळा सरेपर्यंत खलास. म्हणजे तो कालवाकडून कालवाकडे जात नाही. मधल्या काळात तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात राहतो. कुणाच्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खून रंगमंचावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हावा आणि मारेकरी कुठल्या विंगेतून येतो तेच दिसू नये, असा तो प्रकार.

एकटा लेमचा खडक तगला. थोडी कालवं मेली, बाकीची जगली, म्हातारी झाली, पायातल्या जोड्याएवढी वाढली. लेमच्या लेखी यात नवल नव्हतं. "आमच्या खडकावर पहारा आहे," तो म्हणायचा. टीगल्स लँडिंगची रीतच तशी. माणूस गेला की त्याची कालवं फोडायची सुरी त्याच्याच खडकावर पाण्यात सोडायची, म्हणजे पलीकडे तो उपाशी राहत नाही. लेमच्या बापाची सुरी तिथे होती, आजाची होती, त्याच्याही आधीच्या तिघांच्या होत्या.

सहासष्ट साली खाडीकाठी रोगाचा अभ्यास करणारं एक लहानसं केंद्र उघडलं. त्यांना भराभर कालवं फोडणारं माणूस हवं होतं. एकोणीस वर्षांची व्हर्टी तीन वेळा पापणी लवेपर्यंत एक कालव फोडायची. कामाच्या पहिल्या दिवशी लेमने कमरेची सुरी काढून तिच्या हातात दिली. आखूड, बोथट टोकाचं पातं, आणि मोडलेल्या वल्ह्याच्या लाकडाची, हाताच्या घामाने काळी झालेली मूठ.

"देत नाहीये," लेमने बजावलं. "उसनी आहे. मी गेलो की खडकावर परत. आणि मुठीला औषधाबिषधाचं पाणी लावायचं नाही. लाकूड तडकेल. जवसाचं तेल, बस्स."

"आणि तोवर तुम्ही काय वापरणार?"

"दुकानातली. दुकानातल्या सुरीला कोण विचारतंय!"

एकतीस वर्षं अल्व्हर्टाने त्या सुरीखेरीज दुसऱ्या सुरीने कालव फोडलं नाही. ती कालवं फोडता फोडता मेणाच्या ठोकळ्यात तुकडे बसवायला शिकली, काप काढायला शिकली, डोळ्यांना भिंग लावून एक्सला ओळखायला शिकली. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर ऑस्गुडबाई पाहुण्यांना सांगायच्या, "अल्व्हर्टाला दिसला नाही म्हणजे तो नाही. माझ्या डोळ्यांवर जाऊ नका." प्रत्येक कालवानंतर अल्व्हर्टा पातं औषधात बुडवायची, ज्योतीवरून फिरवायची. पातंच. मूठ कोरडी राहील याची काळजी घ्यायची आणि शनिवारी तेल लावायची.

सत्त्याण्णवच्या वसंतात केंद्रात नवं यंत्र आलं. आता काप नकोत, रंग नकोत. कालवाच्या कल्ल्याचा तांदळाएवढा तुकडा विरघळवायचा. त्यात एक्सच्या डीएनएचा एक धागा जरी असला, तरी यंत्र त्याच्या कोट्यवधी नकला काढतं. मग जांभळ्या प्रकाशात ठरल्या जागी एक उजळ रेघ उमटते. एक्स नसला तर अंधार. अल्व्हर्टा पन्नाशीत हेही शिकली आणि चोख शिकली.

त्याच वर्षी ऑस्गुडबाईंनी ठरवलं होतं की रोगातून तगलेली एखादी जुनी वस्ती शोधायची, तिची कालवं आईबाप म्हणून घ्यायची आणि त्यांचं बी मेलेल्या खाडीत पेरायचं. सगळ्यांच्या मनात एकच खडक होता. फक्त तपासणी व्हायची होती. तीस कालवं. स्वच्छ निघाली तर लेमच्या खडकातून खाडी पुन्हा उभी राहणार. रोग निघाला तर खडकाभोवती लाल खुंट ठोकणार आणि तिथलं एकही कालव पुन्हा कधी कुठे हलवायचं नाही.

लेम तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. फुप्फुसांनी जवळजवळ संप पुकारला होता. खिडकीशी खुर्ची टाकून तो खडकाकडे बघत बसायचा. त्याला एवढंच पाहायचं उरलं होतं.

अल्व्हर्टाने तीस कालवं फोडली. चकचकीत, लोण्याच्या रंगाची, गच्च. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जांभळा दिवा लावला.

तीस रेघा.

फिकट होत्या, पण होत्या. शेजारी कोरा नमुना ठेवला होता, नुसतं पाणी. तो काळोखा होता. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. तिने मेणातले काप पुन्हा पाहिले. तिसांपैकी एकातही एक्स नव्हता.

"काप चुकू शकतात," ऑस्गुडबाई म्हणाल्या. "यंत्र चुकत नाही, निदान या बाबतीत तरी. सुरुवात असेल. म्हणून फिकट."

"पण तिसाच्या तीस? आणि सगळ्या सारख्याच फिकट?"

"अल्व्हर्टा, हा तुझ्या डॅडींचा खडक आहे म्हणून विचारतेयस का?"

"हो," अल्व्हर्टा म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा कर. शुक्रवारी खुंटवाले येतील. तोवर वेळ आहे."

तिने नवी तीस कालवं आणली. पुन्हा तीस रेघा, पुन्हा तितक्याच फिकट. हे तिला खुपत होतं. एकतीस वर्षांत तिने दोन कालवं सारखी आजारी पाहिली नव्हती. एकाला रोग खाऊन टाकतो, दुसऱ्याला नुसता चाटून जातो. ही तीस मात्र एका ओळीत उभी राहून एकाच आवाजात एकच शब्द पुटपुटत होती. भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना, ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

घरी लेमला सांगणं भाग होतं. तिने त्याच्यापुढे दुधात शिजवलेल्या कालवांचा वाडगा ठेवला आणि सांगितलं.

लेमने चमचा भरला, पण तोंडाला लावला नाही. "सावलीला मिटतात की नाही?"

"मिटतात, डॅडी."

"मग?"

"यंत्राला त्यांच्यात एक्स दिसतोय."

"तुला दिसला?"

"नाही."

"एकोणसाठ साली मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलोय, व्हर्टी. तो आला की कालव पाण्यासारखं होतं. हे बघ." त्याने चमच्यातलं कालव वर धरलं. "हे काय मरायला टेकलेलं आहे? माझ्यापेक्षा बरं दिसतंय!" तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबल्यावर त्याने वाडगा बाजूला सारला.

बुधवारी ऑरिन डाइझ केंद्राच्या धक्क्यावर बर्फ द्यायला आला. लेमचा जुना सोबती, साठीचा, जिभेला हाड नसलेला. एप्रिलपासून तपासलेल्या दोन्ही खडकांवर लाल खुंट लागले होते. त्यातला एक ऑरिनचा, बाहेरचं बी टाकून पुन्हा उभा केलेला.

"काय व्हर्टी, आता बापालाही लाल खुंट? बरंय. सोबत झाली मला."

"ऑरिन, आज नको."

"मी काय म्हणतो, माझ्या बायकोचे बटाटे घेऊन येऊ का तपासायला? तुमच्या यंत्राला त्यांच्यातही सापडेल तो. त्याला सगळीकडेच दिसतोय!"

अल्व्हर्टा फणकारून आत आली. मग दारातच थांबली. परत बाहेर गेली.

"बटाटे आण."

"काय?"

"दोन. धुऊन."

तिने एक बटाटा नव्या, पाकिटातून काढलेल्या पात्याने कापला. दुसरा बापाच्या सुरीने, कालव फोडतात तसा, टोक खुपसून, मनगट पिरगाळून. दोन्हींचा तांदळाएवढा तुकडा विरघळवला आणि यंत्रात ठेवला.

गुरुवारी दुपारी तिने दिवा लावला. पहिल्या बटाट्याच्या जागी काळोख. दुसऱ्याच्या जागी तीच रेघ. फिकट, ओळखीची.

ती आधी हसली. बटाट्याला कालवाचा रोग! मग तिने टेबलावरची सुरी उचलून उजेडात धरली. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे लाकडात एक चीर होती. तिने मूठ बोटांनी दाबली. चिरेतून काळपट पाण्याचा एक थेंब वर आला आणि पात्यावर घरंगळला. कालव फोडताना मनगट पिरगाळलं की दर वेळी हेच होत असणार. एकोणसाठपासून त्या सुरीने फोडलेलं प्रत्येक आजारी कालव, आधी लेमने, मग तिने, थोडं थोडं त्या लाकडात उतरलं होतं. वर जवसाचं तेल लावून तिने ते जपलं होतं. कोऱ्या पाण्याच्या नमुन्याला सुरी कधी लागलीच नव्हती, म्हणून तो काळोखा. तिच्या जागी परगावचं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी फेकून द्यायची पाती वापरली असती. परगावच्या माणसाला ही चूक करताच आली नसती.

खोलीत कुणी नव्हतं. सुरी बदलायची, लेमची तीस कालवं पुन्हा तपासायची, आणि झालं. कुणाला कळलं नसतं. पण एप्रिलपासूनचा प्रत्येक नमुना याच सुरीने फोडला होता. ऑरिनचा खडकही.

ती बटाट्याच्या रेघेचा फोटो घेऊन ऑस्गुडबाईंच्या खोलीत गेली.

बाईंनी ऐकून घेतलं. फोटो खिडकीशी धरला, मग उलटा करून पाहिला.

"बटाटा?"

"हो."

"म्हणजे एप्रिलपासूनचं सगळं..."

"सगळं. चूक माझी आहे. कागदावर तसंच लिहा."

"मी शाळेतल्या पोरासोरांनाही पहिल्या तासाला सांगते, लाकडी मुठीची हत्यारं नकोत. तुला कधी सांगितलं नाही. तुला काय सांगायचं, असं वाटलं मला." बाईंनी फोटो टेबलावर ठेवला. "दोघींची नावं लिहू. खुंटवाल्यांना मी फोन करते. तू पात्यांचं खोकं उघड."

तीन आठवडे दोघींनी एका कालवाला एक पातं वापरलं आणि सगळे खडक पुन्हा तपासले. एका खडकाचे लाल खुंट राहिले. तिथे एक्स खराच होता. ऑरिनचे निघाले. त्याने ते खुंट सरपणाला घरी नेले आणि बायकोकडून केंद्राला बटाट्यांचं पोतं पाठवलं.

लेमच्या तीस कालवांच्या जागी तीसच्या तीस काळोख.

ऑस्गुडबाईंनी मुठीतल्या थेंबातल्या डीएनएचीही अक्षरं वाचून घेतली. "तोच आहे," त्या म्हणाल्या. "नावानिशी. इतकी वर्षं तू त्याला हातात धरून होतीस, अल्व्हर्टा."

"जिवंत?"

"नाही. हा मेलेल्याचा नुसता माग. जवळजवळ खात्रीने."

"जवळजवळ?"

बाईंनी खांदे उडवले. "मधल्या काळात तो कुठे राहतो ते मला सांग, मग मी तुला 'खात्रीने' म्हणते."

लेमला कळलं तेव्हा त्याने खिडकीकडे पाहून मान हलवली, आपल्याला ठाऊकच होतं अशी. सप्टेंबरअखेर तो अंथरुणाला खिळला. एका सकाळी म्हणाला, "आता सुरी तयार ठेव."

अल्व्हर्टा याच वाक्याला भीत होती. "डॅडी, ती पाण्यात सोडता येणार नाही. तिच्यात तो आहे."

"मेलेला."

"बहुतेक मेलेला. त्या एवढ्या 'बहुतेक'वर मी तुमचा खडक लावू? त्याच खडकातून सगळी खाडी पेरायची आहे."

"माझ्या बापाची सोडली. आजाची सोडली."

"त्यांच्या वेळी तो नव्हता."

लेमने डोळे मिटले. तिला वाटलं, झोप लागली. मग तो लहान मुलाच्या आवाजात म्हणाला, "मग मी तिकडे कालवं कशाने फोडू, व्हर्टी?"

तिने त्याचा हात धरला. तळव्यावर मुठीचा घट्टा अजून होता, एकतीस वर्षांनंतरही.

लेम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. त्याच दिवशी अल्व्हर्टा केंद्रात गेली. प्रयोगाचा कचरा जाळायच्या भट्टीत तिने सुरी ठेवली आणि दार लावलं. मूठ जळताना लाकडाचा वास यायला हवा होता. आला तो कालवांचा. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या तळाचा वास कोरड्या, बंद खोलीत पसरला आणि बराच वेळ हलला नाही. पातं लाल झालं, मग पांढरं. निवल्यावर ते निळसर आणि किंचित वाकडं निघालं. रोग्याला तपासावं तसं तिने ते तपासलं. कापसाने पुसून तो कापूस यंत्रात घातला. काळोख. दुसऱ्यांदा काळोख. तिसऱ्यांदा काळोख. मग तिने ते स्वच्छ कापडात गुंडाळलं.

दफन झाल्यावर दुपारी सात होड्या खडकाशी गेल्या. ओहोटी पुरी झाली होती. वारा नव्हता, आकाश धुतल्यासारखं कोरं. अल्व्हर्टा ऑरिनच्या होडीत पुढे बसली होती. तिने कापड उलगडलं.

ऑरिन वाकून कुजबुजला, "मूठ कुठाय गं?"

"मुठीत दुसरं कुणी राहत होतं. ते डॅडींबरोबर जाणार नाही."

"नुसत्या पात्याने फोडतील का ते?"

"ते फोडतील," अल्व्हर्टा म्हणाली. "दुकानातल्या सुरीनेही फोडायचे."

ऑरिनने वल्हं मारलं. होडीची सावली खडकावर चढली आणि खालून सुरू झालं, टक् टक् टक्, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बायका रडायच्या थांबल्या. सगळ्यांनी ऐकलं. हा खडक जिवंत होता. मधोमध आल्यावर अल्व्हर्टाने हात पाण्याशी नेला आणि पातं सोडलं. ते एकदा चकाकलं आणि शिंपल्यांच्या फटीत गेलं.

होड्या मागे वळल्या आणि खडकाबाहेर उभ्या राहिल्या. सावल्या खडकावरून उतरल्या. ऊन पुन्हा तळापर्यंत पोचलं, आणि पाच-सात मिनिटांत कालवं परत उघडू लागली. वरून पाहिलं तर हजारो बारीक ओठ विलग होताना दिसत.

मग जिथे पातं पडलं होतं तिथे, टक्. एक मिटलं. त्याच्या शेजारचं. त्याच्या पलीकडचं. पाण्यात खडा पडल्यावर वलय पसरावं तसं ते मिटणं गोल गोल बाहेर पसरत गेलं, होडीकडे आलं, खडकाच्या कडेला पोचलं आणि थांबलं.

ऑरिनने वर पाहिलं. अल्व्हर्टानेही पाहिलं. पक्षी नव्हता, ढगही नव्हता; सावली पाडणारं काहीच नव्हतं.

"पाहिलंस?" ऑरिनने वल्हं पाण्याबाहेर काढलं.

शोकाचे काळे हातमोजे अल्व्हर्टाने सावकाश काढले, घडी करून मांडीवर ठेवले आणि हात पुढे केला.

"चिमटा दे, ऑरिन."

"आत्ता? आज?"

"अगदी मधली हवीत, तपासायला. तीस."

होडी पुन्हा मधोमध नेऊन दोघांनी मिळून चिमटा ओढला. फळीवर कालवं पडली, मोठी, जड, पाणी गळणारी. अल्व्हर्टाने त्यांच्यावरून हात फिरवला नाही. फिरवायची गरजच नव्हती. तीसच्या तीस आधीपासून घट्ट मिटलेली होती. धक्क्याला होडी लागेपर्यंत त्यांतलं एकही उघडलं नाही.